हरवलेली पिशवी आणि तिचा ठावठिकाणा

परीक्षेचे दिवस होते. आमच्या एक सहकारी बाई अंधेरीहून विरार लोकलने घरी निघाल्या होत्या. नववीच्या उत्तरपत्रिकांची कापडी पिशवी त्यांनी डोक्यावरच्या फळीवर ठेवली. नायगावला उतरायचे तर मीरा रोडपासूनच दाराकडे सरकावे लागते, हे या गाडीने जाणाऱ्यांना सांगायला नको. त्या सरकण्याच्या गडबडीत पिशवी फळीवरच राहिली. बाई फलाटावर उतरल्या, गाडी वसई रोडच्या दिशेने निघून गेली आणि मग त्यांच्या लक्षात आले.

पिशवी त्याच रात्री परत मिळाली. गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर शाळेचे नाव आणि बाईंचा मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला होता. विरारला उतरणाऱ्या एका प्रवासी महिलेने तो वाचला, फोन केला आणि पिशवी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत यावर बरीच चर्चा झाली. एकाने सुचवले, पिशवीला ब्लूटूथचा टॅग लावा. दुसऱ्याने जीपीएस सुचवले. तिसऱ्याचे मत पडले की ‘चिप’ बसवली की काम झाले. पुढे काही आठवड्यांनी एक विक्रेता शाळेत छापील पत्रक घेऊन आला. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक दप्तराला एक छोटे उपकरण लावले, की ते दप्तर सदैव उपग्रहाच्या नजरेत राहील, असा त्या पत्रकाचा दावा होता. पालकांपैकी काहींना तो पटलाही.

वस्तूंचा ठावठिकाणा सांगणारी ही साधने आता बाजारात सहज मिळतात. त्यांच्याविषयी बोलताना मात्र आपण सारे, आम्हीही, फार सैल बोलतो. म्हणून या साधनांची तुलना करावी आणि कोणते साधन नेमके काय करते, काय करू शकत नाही, हे तपासावे, असे आम्हाला वाटले. त्या पत्रकाला काय उत्तर द्यायचे, तेही यातूनच ठरेल.

एक शब्द, चार प्रश्न

‘वस्तू कुठे आहे?’ हा प्रश्न दिसतो एक, पण त्यात चार निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, ही वस्तू कोणाची व कोणती? हा ओळखीचा प्रश्न झाला. दुसरा, ती अमुक ठिकाणावरून केव्हा गेली? हा नोंदीचा प्रश्न. तिसरा, ती माझ्या आसपास आहे का? हा जवळिकीचा प्रश्न. आणि चौथा, पृथ्वीच्या पाठीवर तिचे अक्षांश-रेखांश काय? हा स्थानाचा प्रश्न.

बाजारातले प्रत्येक साधन यांपैकी एका, फार तर दोन प्रश्नांची उत्तरे देते. जाहिरातीत मात्र प्रत्येक साधन चौथ्या प्रश्नाचे उत्तर देते असे भासवले जाते. घोटाळा तेथून सुरू होतो.

याशिवाय आणखी दोन गोष्टी प्रत्येक वेळी विचारायला हव्यात. साधनाला ऊर्जा कोण पुरवतो? आणि मिळालेली माहिती कोणाकडे जाते? पहिला प्रश्न भौतिकीचा आहे, दुसरा नागरिकशास्त्राचा. आमच्या मते दोन्ही सारख्याच महत्त्वाचे आहेत.

खूण आणि नोंद

सर्वांत जुने साधन म्हणजे वस्तूवर केलेली खूण. मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेले आकडे आणि अक्षरे असतात. डबा कोणत्या भागातून निघाला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सारे त्यांतून कळते. ही पद्धत १८९० च्या सुमारास सुरू झाली. कोविडपूर्व काळात रोज सुमारे दोन लाख डबे अशा खुणांच्या आधारे पोचत असत, असे सांगितले जाते. या खुणेला वीज लागत नाही. ती स्वतः बोलत नाही, पण ती वाचणारा माणूस प्रत्येक टप्प्यावर हजर असतो, आणि या पद्धतीचे खरे यंत्र म्हणजे तो माणूस.

उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरचा मोबाइल क्रमांक ही अशीच खूण होती. तिने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि तेवढ्यावर काम भागले.

खूण वाचण्याचे काम यंत्राकडे सोपवले, की बारकोड तयार होतो. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवलेला चौकोनी क्यूआर कोड हा त्याचाच पुढचा भाऊ. स्पीड पोस्टचे पाकीट ‘ट्रॅक’ होते असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात काय होते? पाकीट टपाल खात्याच्या एकेका केंद्रातून जाताना त्यावरचा बारकोड वाचला जातो आणि वेळेची नोंद होते. दोन केंद्रांच्या मध्ये पाकीट कुठे आहे, हे कोणालाच माहीत नसते. आपल्याला दिसते ती शेवटची नोंद. ही उणीव आहे असे नाही. पाकिटाच्या कामापुरते ते पुरेसे आहे. पण त्याला ‘पाकिटावर सतत लक्ष आहे’ असे म्हणणे चूक ठरेल.

बारकोड वाचायला तो यंत्रासमोर धरावा लागतो. ही अडचण रेडिओ लहरींच्या साहाय्याने दूर केली, की आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवण्याची पद्धत मिळते. तिचे परिचित उदाहरण मुंबई-अहमदाबाद महामार्गावर खानिवडे टोलनाक्याशी दिसते. मोटारीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये एक चिप आणि पातळ धातूचा अँटेना असतो, बॅटरी नसते. नाक्यावरचे वाचकयंत्र रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींतील थोडी ऊर्जा अँटेना गोळा करतो, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परावर्तित लहरींतून कळवते. दिव्याच्या प्रकाशात आरसा तिरपा-सरळ करून खूण करावी, तसा हा प्रकार आहे. आरशाजवळ स्वतःचा दिवा नसतो. साहजिकच नाक्यापासून काही मीटर पुढे गेले, की फास्टॅग पुन्हा मुका होतो. देशातील टोलनाक्यांवर तो फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, पण त्यावरून मोटार या क्षणी कुठे आहे ते कळत नाही. ती कोणत्या नाक्यावरून केव्हा गेली, एवढेच कळते.

नोटेतल्या चिपची गोष्ट

एवढे समजले, की २०१६ सालच्या एका अफवेचा निकाल वर्गातच लावता येतो. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन हजार रुपयांची नवी नोट आली. तिच्यात ‘नॅनो जीपीएस चिप’ आहे आणि जमिनीखाली खोल पुरलेली नोटही उपग्रहाला सापडते, असे संदेश देशभर फिरले. काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनीही ते दाखवले. रिझर्व्ह बँकेने इन्कार केला, तरी अफवा बराच काळ टिकली. २०२३ साली ही नोट चलनातून मागे घेण्यात आली, पण शिक्षकांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

ही अफवा का टिकू शकत नाही, याची तीन कारणे मुलांकडूनच काढून घ्यावीत. कागदात बॅटरी नाही, मग चिपला ऊर्जा कोण देणार? फास्टॅगला ती काही मीटरवरच्या यंत्रातून मिळते. उपग्रह हजारो किलोमीटर दूर असतो आणि लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दुसरे, जमिनीत लहरी शोषल्या जातात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. जीपीएस उपग्रह कोणाचेही ठिकाण विचारत नाहीत आणि ऐकतही नाहीत. पत्रकातला ‘उपग्रहाची नजर’ हा शब्दप्रयोग आणि नोटेतली चिप एकाच चुकीच्या कल्पनेतून आली आहेत.

उपग्रह पाहत नाही, सांगतो

जीपीएसचे किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते. प्रत्येक उपग्रह अखंडपणे एकच काम करतो. ‘मी अमुक उपग्रह, मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत,’ हे तो सर्वांना ऐकवत राहतो. आकाशवाणीचे केंद्र जसे आपला रेडिओ कोणत्या खोलीत आहे हे जाणत नाही, तसेच हे आहे.

जमिनीवरचा ग्राहक ही वेळ ऐकतो. संदेशाला पोचायला सुमारे सेकंदाचा पंधरावा भाग लागलेला असतो. उशीर किती झाला यावरून अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली, की जागा ठरते. पण आपल्या मोबाइलमधले घड्याळ आण्विक नसते. त्याची चूकही शोधावी लागते, म्हणून चौथा उपग्रह हवा. चार अज्ञाते, चार समीकरणे.

यात सारा खेळ वेळेचा आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहातली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक जातो. म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. सापेक्षतावादाचा व्यवहारात काय उपयोग, असे विद्यार्थ्याने विचारले, तर याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

भारताची स्वतःची ‘नाविक’ प्रणाली याच तत्त्वावर चालते. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. मूळ योजना सात उपग्रहांची होती. पुढे काही उपग्रहांतील आयात केलेली आण्विक घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवले गेले. जानेवारी २०२५ मधला त्याचा पुढचा उपग्रह मात्र नियोजित कक्षेत पोचू शकला नाही. घड्याळ बंद पडले, की उपग्रह आकाशात असूनही स्थान सांगण्याच्या कामी येत नाही, हा यातला धडा आहे.

आता मूळ मुद्दा. जीपीएसने ग्राहकाला स्वतःचे ठिकाण कळते. ते आपल्याला कळावे, म्हणून त्याने ते कोणत्यातरी मार्गाने कळवावे लागते. शाळेच्या बसमधल्या किंवा मालमोटारीतल्या उपकरणात म्हणूनच एक सिमकार्डही असते. ते मोबाइल जाळ्यातून ठिकाण पाठवते. त्याला ऊर्जा मोटारीच्या बॅटरीतून मिळते. आकाश उघडे असते आणि मोबाइलचे जाळे असते, तेथवर हे साधन उत्तम चालते.

दप्तरात किंवा लोकलच्या फळीवर तसे नाही. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटच्या अब्जाव्या भागाचाही कोटीवा भाग इतकी क्षीण असते. पोलादी डब्याच्या छपराखाली तो मिळेलच असे नाही. शिवाय ऊर्जेचा हिशेब आहेच. तो पुढे करू.

स्वतःचे ठिकाण माहीत नसलेला टॅग

किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे बिल्ल्यासारखे टॅग आता सर्वत्र दिसतात. अ‍ॅपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला, सॅमसंगचा त्याच वर्षाच्या सुरुवातीला, आणि जिओटॅग २०२३ मध्ये. या टॅगमध्ये जीपीएस असते असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. त्यांना आपण कुठे आहोत हे माहीतच नसते.

ते काय करतात? ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींवर दर थोड्या वेळाने आपला सांकेतिक क्रमांक पुकारतात. जवळून जाणाऱ्या एखाद्या मोबाइलला ही हाक ऐकू येते. तो मोबाइल स्वतःचे ठिकाण जाणतो. ते आणि टॅगचा क्रमांक तो सांकेतिक रूपात कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. मालकाला नकाशावर दिसते ते टॅगचे ठिकाण नव्हे. ती हाक ऐकणारा मोबाइल हाक ऐकताना जिथे होता, ती ती जागा असते. मोबाइलच्या मालकाला याचा पत्ताही नसतो.

म्हणजे ही युक्ती लोकांच्या गर्दीवर उभी आहे. वसई रोडच्या पुलावर संध्याकाळी टॅग पडला, तर शेकडो मोबाइल त्याची हाक ऐकतील. तोच अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पहाटे पडला, तर दिवस उजाडेपर्यंत गप्प राहील. येथे एक अडचणही आहे. एअरटॅगची हाक अ‍ॅपलचेच फोन ऐकतात, आणि आपल्याकडे बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे आहेत. अँड्रॉइड फोनांचे तसे जाळे गूगलने २०२४ मध्ये सुरू केले. त्यामुळे टॅग घेताना तो किती सुबक आहे यापेक्षा आपल्या भागात त्याची हाक ऐकणारे फोन किती, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

गर्दीला दुसरी बाजूही आहे. माणसाच्या शरीरात बराचसा भाग पाण्याचा असतो आणि पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी चांगल्याच शोषते. उघड्यावर कित्येक मीटर पोचणारी हाक, खच्चून भरलेल्या डब्यात दोन-चार माणसांपलीकडे क्षीण होते. तेव्हा विरार लोकलची गर्दी या टॅगला तारतेही आणि मारतेही.

आता ऊर्जेचा हिशेब. अशा टॅगमध्ये बहुधा सीआर २०३२ जातीची बटणाएवढी बॅटरी असते. तिची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. ती वर्षभर पुरते असे धरले, तर ८,७६० तासांनी भागून सरासरी प्रवाह सुमारे २५ मायक्रोअँपिअर येतो. नुसता जीपीएस ग्राहक सतत चालू ठेवायला याच्या हजारपट, म्हणजे सुमारे २५ मिलिअँपिअर लागतात असे धरू. तीच बॅटरी मग नऊ तासांत संपेल, तीही एवढा प्रवाह देऊ शकली तर! मोबाइल जाळ्यावर संदेश पाठवण्याचा खर्च आणखी वेगळा. विक्रेत्याच्या पत्रकात बटणाएवढी बॅटरी, वर्षभराची हमी आणि अखंड उपग्रह, या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. त्या एकत्र असू शकत नाहीत. दप्तराला लावायचे ते उपकरण ब्लूटूथचा टॅगच होता, हे सांगायला भागाकार पुरला.

जवळ आल्यावर काय?

नकाशावर ठिकाण कळले, तरी वस्तू हाती लागेपर्यंत आणखी एक टप्पा राहतो. पिशवी याच खोलीत आहे, पण कुठे? ब्लूटूथची साधी पद्धत हाकेच्या तीव्रतेवरून अंतराचा अंदाज करते. पण मध्ये भिंत, कपाट किंवा माणूस आला, की तीव्रता घटते आणि जवळची वस्तू दूर भासते. म्हणून काही टॅगमध्ये अल्ट्रा-वाइडबँड नावाची दुसरी रेडिओ यंत्रणा असते. ती एखाद-दोन नॅनोसेकंदांचे अतिशय आखूड स्पंद पाठवते आणि जाऊन येण्याचा वेळ मोजते. वेळ मोजल्यामुळे अंतर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मिळते. येथे पुन्हा जीपीएसचेच तत्त्व आहे, फक्त आकाशाऐवजी खोलीत. तीव्रतेवरून अंदाज करण्यापेक्षा वेळ मोजणे बरे, हे तत्त्व मुलांच्या मनावर ठसवण्याजोगे आहे. तरी साध्या घरात, टॅगला शिट्टी वाजवायला सांगून कान देणे, हा उपाय बहुतेक वेळा पुरतो.

शिळे ठिकाण

आता बाईंच्या पिशवीला टॅग होता अशी कल्पना करू. नायगाव ते विरार हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे. थांबे धरून गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर मानला, तर पाच मिनिटांपूर्वीचे ठिकाण तीन किलोमीटरहून अधिक चुकीचे ठरते. टॅग दहा मीटरच्या अचूकतेने वसई रोड स्टेशन दाखवील आणि पिशवी तोवर नालासोपाऱ्याच्या जवळ पोचलेली असेल. थोड्या वेळाने तीच गाडी विरारहून उलटी चर्चगेटच्या दिशेने निघेल. अचूक पण शिळे ठिकाण आणि ढोबळ पण ताजे ठिकाण, यांत हलत्या वस्तूसाठी दुसरे अधिक उपयोगी असते. जाहिरातीत अचूकतेचे मीटर छापतात. ठिकाण किती जुने असू शकेल, ती मिनिटे छापत नाहीत.

टॅगने एवढे मात्र नक्की सांगितले असते, की पिशवी अजून गाडीत आहे. तेवढ्यावर १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर गाडीची वेळ आणि डबा कळवता आला असता. म्हणजे शेवटी पिशवी उचलायला माणूसच लागला असता. पश्चिम रेल्वेवर रेल्वे सुरक्षा दलाचा ‘मिशन अमानत’ नावाचा उपक्रम आहे. सापडलेल्या सामानाची छायाचित्रे आणि वर्णन त्यात संकेतस्थळावर दिले जाते. त्यात सामानाला कोणतेही उपकरण लावावे लागत नाही. आम्ही तोही या तुलनेत धरतो, कारण काम तेच आहे.

समुद्रावरची कसोटी

वसई तालुक्यात वस्तूच्या ठावठिकाण्याची सर्वांत कठीण परीक्षा समुद्रावर होते. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथून बोटी बाहेर पडतात. किनाऱ्यापासून काही अंतर गेले, की मोबाइलचे जाळे सुटते. तेथे ब्लूटूथचा टॅग निरुपयोगी. जीपीएस तांडेलाला त्याची जागा सांगते, पण किनाऱ्यावरच्यांना नाही. साध्या रेडिओ संचाची धाव पृथ्वीच्या वक्रतेमुळे मर्यादित असते. क्षितिजाचे किलोमीटरमधले अंतर म्हणजे मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाची सुमारे ३.५७ पट. चार मीटर उंचीच्या अँटेनाला क्षितिज सात किलोमीटरवर. तशाच दोन बोटी एकमेकींना साधारण चौदा किलोमीटरपर्यंत दिसतील. त्यापुढे उपग्रहच हवा, आणि तो नुसता बोलणारा नव्हे, ऐकणाराही.

इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर हे काम करतो. तो आपले ठिकाण उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळवतो, संकटाचा संदेश पाठवतो आणि किनाऱ्यावरून संदेश घेतोही. देशातील किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत एक लाख मासेमारी बोटींवर असे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पालघर येथे झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना आहे. आमच्या मते या साऱ्या साधनांत ऊर्जा, खर्च आणि गरज यांचा मेळ सर्वांत चांगला येथे बसतो. बोटीवर बॅटरी असते, आकाश उघडे असते आणि पणाला माणसांचे प्राण असतात.

तरी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. तो संकटात आहे आणि कुठे आहे, हे किनाऱ्यावर माहीत होते. नौदलाने उसळत्या समुद्रात शिरून बहुसंख्यांना वाचवले, तरीही सत्तरहून अधिक माणसे गेली. ठिकाण कळणे ही मदतीची सुरुवात आहे, मदत नव्हे. वेळेवर दिलेला आणि वेळेवर मानलेला वादळाचा इशारा कोणत्याही ठिकाणापेक्षा मोलाचा.

दुसरी गोष्ट माहितीच्या मालकीची. मासे कोणत्या हंगामात कोठे लागतात, हे तांडेलाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असते. बोटींचे रोजचे मार्ग साठत गेले, की हे ज्ञानही नकळत साठत जाते. ती नोंद कोण पाहू शकेल, किती दिवस ठेवील, हे मच्छीमाराला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

वस्तू आणि माणूस

येथून आम्ही त्या पत्रकाकडे परत येतो. दप्तर ही वस्तू आहे, पण ते मुलाच्या पाठीवर असते. दप्तराचा माग म्हणजे मुलाचाच माग.

टॅग बाजारात आल्यावर लवकरच दिसून आले, की कोणी तो दुसऱ्याच्या पर्समध्ये किंवा मोटारीत गुपचूप टाकून त्या व्यक्तीचा पाठलाग करू शकतो. प्रामुख्याने स्त्रियांना याचा त्रास झाला. अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असेल, तर मोबाइलने सावध करावे, अशी सोय मे २०२४ मध्ये अ‍ॅपल आणि गूगल यांनी दोघांच्याही फोनांवर आणली. यात एक पेच आहे. जो इशारा पाठलाग होणाऱ्या स्त्रीला सावध करतो, तोच पिशवी चोरणाऱ्यालाही सावध करतो. चोरापासून लपणारा आणि सज्जनाला दिसणारा टॅग बनवता येत नाही, कारण टॅगला दोघांतला फरक कळत नाही. हा दोष दूर होण्यासारखा नाही. दोहोंपैकी काय पत्करायचे, ते ठरवावे लागते. स्त्रीची सुरक्षितता पिशवीपेक्षा मोठी, म्हणून हे टॅग चोरी पकडण्याचे साधन नव्हे, विसरभोळेपणावरचा उतारा आहे, असे मानावे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा असा मागोवा घेण्यावर बंधने घातली आहेत. शाळा आणि शाळेची वाहतूक यांना सुरक्षिततेपुरती सवलत आहे, पण सवलत म्हणजे मोकळीक नव्हे.

आमच्या मते शाळेने विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारावेत. उपकरण स्वतः ठिकाण शोधते, की दुसऱ्याच्या मोबाइलवर अवलंबून आहे? दाखवलेले ठिकाण किती मिनिटे जुने असू शकते? नोंदी कोणाच्या संगणकावर व किती दिवस राहतात? आणि मुलाला व पालकाला नकार देता येतो का? आम्हाला मिळालेले पत्रक या चारही प्रश्नांवर गप्प होते, आणि पहिल्याविषयी तर ते चुकीची माहिती देत होते. ते नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ साधनेच नकोत असा नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकांना बारकोड पुरतो. प्रयोगशाळेच्या किल्ल्यांना ब्लूटूथचा टॅग खुशाल लावावा. शाळेच्या बसला जीपीएस असावे आणि त्याची माहिती बस धावत असेपर्यंतच पालकांना दिसावी. बोटीला ट्रान्सपाँडर हवाच. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठळक अक्षरांत क्रमांक लिहावा. आणि पहिलीतल्या मुलाला आपले पूर्ण नाव, आईवडिलांचा क्रमांक आणि उतरायचे स्टेशन तोंडपाठ असावे.

वर्गात करण्यासाठी

दोन प्रयोग सुचवतो. मैदानात तीन खुंट ठोका. एका मुलाला लपवलेल्या जागेपासून प्रत्येक खुंटापर्यंतची अंतरे सुतळीने मोजू द्या. बाकीच्यांनी फक्त तीन अंतरांवरून, खुंटांभोवती वर्तुळे काढून जागा शोधावी. मग एक सुतळी मुद्दाम अर्धा मीटर चुकीची द्या आणि वर्तुळे एका बिंदूत का मिळत नाहीत, ते विचारा. घड्याळाची चूक म्हणजे काय, ते तेथे कळेल.

दुसऱ्या प्रयोगात एका मोबाइलचे ब्लूटूथ चालू ठेवून, सिग्नलची तीव्रता दाखवणाऱ्या अ‍ॅपने दुसऱ्या मोबाइलवर एक, दोन, चार आणि आठ मीटरवरची तीव्रता लिहून घ्या. मग मध्ये पाच मुले दाटीने उभी करून तेच आकडे पुन्हा घ्या. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा आणि लोकलच्या डब्यात काय होत असेल, याचे उत्तर मुलांनाच लिहू द्या.